नाण्यावरचे आजोबा

आमच्या घराण्यातला माणूस नाण्यावर आला, तेव्हा दादाने पहिला फोन पेढेवाल्याला केला आणि दुसरा मला. मी त्या वेळी एका गृहस्थांच्या अक्कलदाढेशी झटत होते. परळला माझा दातांचा दवाखाना आहे. तोंड उघडा आणि गप्प बसा, असं लोकांना एकाच दमात सांगण्यात माझं आयुष्य गेलं. "चांदीचं आहे," दादा फोनवर म्हणाला, "एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला आपले थोरले! आणि शेजारी पंप. दांड्यासकट कोरलाय गं!" त्याचा आवाज कापत होता. माझा हा मोठा भाऊ ऑडिटर होता, दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढता काढता निवृत्त झाला. त्याचा असा आवाज मी त्याच्या मुलीच्या लग्नातही ऐकला नव्हता.

सरकार थोर माणसांच्या स्मरणार्थ अशी नाणी काढतं. ती बाजारात चालत नाहीत. प्लास्टिकच्या पारदर्शक खोळीत, मखमली डबीत बसून येतात आणि बहुतेक घरांत कपाटातल्या कपाटात म्हातारी होतात. थोरल्यांच्या दीडशेव्या जयंतीला असं नाणं निघावं म्हणून दादा इतकी पत्रं लिहीत होता, की वहिनी म्हणायची, "लग्नाआधी मला एवढी लिहिली असती तर मी तेव्हाच सावध झाले असते."

थोरले म्हणजे आमच्या पणजोबांचे मोठे भाऊ. त्यांच्या काळी गिरगावच्या आमच्या चाळीत पाणी पहाटे यायचं, आणि तेही तळमजल्याच्या नळापुरतं. वरच्या बिऱ्हाडांतल्या बायका हंडे-कळशा घेऊन जिने चढायच्या. थोरले एका सरकारी कचेरीत कारकून. गॅलरीत उभं राहून ते ही वरात रोज बघायचे आणि, घरात सांगतात त्याप्रमाणे, एक दिवस बघता बघता कचेरीला जायचंच विसरले. चाळीमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी लाकूड, लोखंड आणि चामड्याचे तुकडे जमवून एक पंप उभा केला. हाताने दांडा मारला की पाणी थेट तिसऱ्या मजल्यावरच्या पिंपात पडे. ना इंजिन, ना कोळसा. पुढे तो पंप कोकणातल्या विहिरींवर गेला, देशावर गेला, आणि थोरल्यांचं नाव झालं.

या खटपटीत थोरल्यांच्या डाव्या हाताची करंगळी गेली. ही आमच्या घरातली सर्वांत लाडकी गोष्ट. दांड्याच्या खिट्टीत बोट सापडलं, रक्ताची धार लागली, बायका किंचाळल्या, आणि थोरले वर बघून ओरडले, "पाणी चढलं का?" लहानपणी आमच्याकडे कुणाचा गुडघा फुटला की मोठी माणसं आधी हळद शोधायची नाहीत, आधी विचारायची, "पाणी चढलं का?" मग हसावंच लागायचं.

थोरल्यांच्या गोष्टीत त्यांच्या भावाच्या वाट्याला एकच वाक्य होतं: "आणि धाकटे दांडा मारायचे." धाकटे म्हणजे आमचे सख्खे पणजोबा. थोरल्यांना मूलबाळ नव्हतं आणि ते फार जगलेही नाहीत. आम्ही सगळे धाकट्यांचे. पण आमच्या घरात नातं धाकट्यांशी आणि अभिमान थोरल्यांचा, अशी व्यवस्था होती आणि तिच्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

दोघांचे फोटो दादाच्या दादरच्या घरी हॉलमध्ये आहेत. एकाच दिवशी, एकाच स्टुडिओत, एकाच खुर्चीत बसून काढलेले. पगडी तीच, उपरणं तेच, मिशाही बहुधा एकाच न्हाव्याच्या. डावीकडे थोरले आणि उजवीकडे धाकटे, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ. सर्वपित्रीला दोघांना चंदनाचे हार घालायचे, आणि जुना हार उतरवायचा नाही, नवा त्याच्यावरच चढवायचा, हा आईचा नेम. का, ते तिनेही कधी सांगितलं नाही. आई गेली, गिरगावचं मोठं बिऱ्हाड सुटलं, तेव्हा दादाने दोन्ही फोटो हारांसकट चादरींत गुंडाळून दादरला आणले आणि स्वतः खिळे मारून टांगले. नेम चालूच राहिला. पणजोबा आणि त्यांचे भाऊ छातीपर्यंत चंदनात बुडाले.

सरकारने थोरल्यांचा फोटो मागितला, तेव्हा दादा स्टुलावर चढला, डावीकडचे हार बोटाने जरासे खाली दाबले आणि मोबाइलवर चेहरा टिपला. "चेहराच हवाय त्यांना," तो म्हणाला. पुढे नाण्याचं चित्र मंजुरीला आलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी एका सुरात "हुबेहूब!" म्हटलं. तसं ते होतंच हुबेहूब. फक्त आत्याला दाखवायचं राहिलं.

आत्या नव्वदीची. बाबांची मोठी बहीण. बाबा तिला ताई म्हणायचे, आणि ती त्यांना भाऊ. धाकट्यांच्या मांडीवर बसलेलं आज जिवंत असलेलं माणूस ती एकटीच. लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडून देण्यात तिची सगळी नोकरी झाली, त्यामुळे दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडण्याचा तिला अधिकार आहे असं ती मानते. खोताच्या वाडीमागच्या गल्लीत तळमजल्यावर तिच्या दोन खोल्या आहेत. घोडपदेवहून एक मावशी येऊन स्वयंपाकपाणी आणि औषधं बघतात. बाकी दिवसभर आत्या, तिचं शब्दकोडं, आणि खिडकीतून गल्लीवर देखरेख.

गेल्या वर्षभरात मात्र तिच्या हातून काही काही होऊ लागलं होतं. दूध उतू गेलं, पातेलं काळं झालं, खोलीभर धूर झाला, आणि आत्या शेजारीच कोडं सोडवत बसलेली. वेणी आणायला गेली आणि भलत्याच गल्लीत जाऊन उभी राहिली. ओळखीच्या फुलवाल्याने हाताला धरून घरी आणलं. आणि दादाला ती अधूनमधून भाऊ म्हणू लागली. दादा दर वेळी न चिडता दुरुस्ती करायचा.

"आत्या, मी भाऊ नाही. भाऊंचा मुलगा."

"तेच म्हणतेय मी," आत्या म्हणायची.

दादाने कर्जतजवळचा एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. स्वच्छ खोल्या, आंब्याची झाडं, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. त्याचं गुळगुळीत माहितीपत्रक तो बॅगेत घेऊनच फिरायचा. दादा वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकते. त्याला खरोखर काळजी होती. धूर झाला त्या दिवशी दादरहून टॅक्सीने धावत गेला तो तोच, मी नव्हे. आत्याला माझ्याकडे ये म्हटलं, तर ती म्हणाली, "तुझ्या घराला लवंगेच्या तेलाचा वास येतो, मला आपलं सतत दात दुखल्यासारखं वाटेल." कर्जतचं विचारलं तेव्हा "बघू" म्हणाली. दादाने बघूचा अर्थ हो असा लावला. गणपती नुकतेच उठले होते, पितृपक्ष लागला होता. पितृपक्षात कुणी घर बदलत नाही, म्हणून दसरा ठरला. गिरगावाबाहेर ही बाई कशी जगेल, हे मला कळेना, आणि तिला तिथे एकटं कसं ठेवायचं, हेही कळेना. म्हणून मी गप्प होते.

त्याच पंधरवड्यातल्या एका रविवारी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. दादाच्या खिशात नाण्याची डबी, बॅगेत माहितीपत्रक. आधी गोड दाखवायचं आणि मग कडू, असा त्याचा बेत होता.

आत्याने डबी उघडली, खोळीतलं नाणं खिडकीच्या उजेडात धरलं आणि कोड्याचं भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ बघत होती. तिचा चेहरा हळूहळू असा उजळला, की मला वाटलं, दादाची सगळी पत्रं सार्थकी लागली.

"अगंबाई," ती म्हणाली, "आमचे आजोबा!"

"आजोबा नाही गं," दादा हसत म्हणाला. "थोरले. पंपवाले. वर नाव बघ ना."

"नाव थोरल्यांचंच आहे. तोंड आमच्या आजोबांचं आहे."

दादाने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला चांगली ठाऊक होती. दूध, फुलवाला, भाऊ, आणि आता हे. त्याच्या डोक्यातल्या चोपडीत आणखी एका रकमेची भर पडली आणि खाली रेघ ओढली गेली. हा आत्याचा गोंधळच ठरला तर दसऱ्याला टॅक्सी कर्जतच्या दिशेने जाणार, एवढं मला लख्ख दिसलं.

"आत्या," तो हळुवार आवाजात म्हणाला, लहान मुलाशी बोलतात तसा, "दोघं दिसायला सारखे होते, म्हणून तुझा गोंधळ होतोय. होतं असं या वयात. फोटो आपल्या घरचा आहे. सरकारने तपासून छापलंय."

"सरकार जेवलं होतं का त्यांच्या मांडीवर?" आत्याने डबी खटकन मिटली. "मी जेवलेय. रोज. ज्या माणसाने मला घास भरवले, त्याचं तोंड मी विसरेन?"

"भाऊ आणि मी यांच्यात तू रोज गल्लत करतेस की नाही?"

हे त्याने बोलायला नको होतं. आत्याने भिंग खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, पण ती इतकी लहान दिसायला लागली, की मला दादाचा भयंकर राग आला. मी काही बोलणार, तेवढ्यात आत्या उठली आणि खुंटीवरची पर्स काढली.

"चल," ती दादाला म्हणाली. "तुझ्या घरी. फोटो बघायचेत मला. मी चुकले तर तुझ्या त्या कर्जतला जाते. मुकाट, आपल्या पायाने, दसऱ्याचीही वाट बघत नाही. आणि तू चुकलास, तर तो बॅगेतला कागद मला परत दाखवायचा नाही."

म्हणजे बॅगेत काय आहे ते तिला ठाऊक होतं. दादाचे कान लाल झाले.

टॅक्सीत आत्या पुढे बसली, कारण मागे बसलं की तिला रस्ता दिसत नाही. मुंबई सेंट्रल, सातरस्ता, चिंचपोकळी. लालबागला मांडव उतरवत होते; बांबू रस्त्याकडेला रचलेले, थर्माकोलचा एक अर्धा खांब फुटपाथवर आडवा. आत्या ड्रायव्हरला प्रत्येक सिग्नलला सांगत होती, कुठे कोणती गिरणी होती आणि तिचा भोंगा किती वाजता व्हायचा, आणि सगळं बरोबर होतं. मी मागे बसून मनात म्हणत होते, देवा, फोटोचंही बरोबर असू दे. माझा विश्वास होता का? खरं सांगायचं तर अर्धाच. दातांच्या डॉक्टरला जबडा बघितला की घराणं कळतं म्हणतात. पण त्या काळी फोटोत कुणी हसत नसे, त्यामुळे माझी विद्या कामाची नव्हती. आणि त्या फोटोंकडे मी बघत आले होते ती नमस्कारापुरती. नमस्कार करताना माणूस डोळे मिटतो.

दादरला वहिनीने दार उघडलं. काय झालं ते मी तिला दारातच दोन वाक्यांत सांगितलं. तिने पदर खोचला आणि स्टूल आणून भिंतीखाली ठेवलं.

आत्या फोटोंसमोर उभी राहिली. खूप उंच टांगलेले, वर ट्यूबची चकाकी. भिंगाचा उपयोग नव्हता. ती मान वर करून बघत राहिली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. "हेच," ती डावीकडे बोट करून म्हणाली. "हे आमचे आजोबा. ते पलीकडचे थोरले."

"आणि आम्ही इतकी वर्षं उलटं समजत होतो?" दादा म्हणाला. "आत्या, डावीकडे थोरले. आई होती तेव्हापासून."

"तुझी आई होती तेव्हा होते डावीकडे. आता नाहीत."

"पुरावा?"

मला वाटलं, संपलं. नव्वदीच्या बाईकडून हा ऑडिटर पुरावा मागतोय, आणि तिच्याकडे आठवणीशिवाय काही नाही. आत्याने आपला डावा हात वर केला आणि करंगळी हलवून दाखवली.

"हार काढ," ती मला म्हणाली. "हात बघ."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. करंगळीची गोष्ट आम्ही इतक्या वेळा सांगितली होती, मुलांना, पाहुण्यांना, सरकारला लिहिलेल्या पत्रांतसुद्धा. आणि हार घालता घालता तो हात बघावा हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आमच्या बाबतीत तर कळसाही पाण्याचाच.

मी स्टुलावर चढले. आईचा नेम मोडताना मनात चर्र झालं, खोटं कशाला बोलू. डावीकडच्या फोटोवरून एकामागून एक हार उतरवले. चंदनाचा भुगा, जाळी, धूळ. मी शिंकले, खाली वहिनी शिंकली. शेवटचा हार निघाला आणि काचेमागे दोन हात दिसले, खुर्चीच्या हातांवर पालथे ठेवलेले. सगळी बोटं जागच्या जागी. मोजायची गरज नव्हती, पण दादाने मोजली.

मग उजवीकडचे हार. इथे हात मांडीवर होते. डाव्या हातावर उपरण्याचं टोक आलं होतं, पण लपवण्यासारखं नव्हे. नुसतं आलं होतं. त्याखालून बोटं दिसत होती, आणि करंगळीच्या जागी काही नव्हतं.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" आत्या म्हणाली आणि सोफ्यावर बसली. पर्स तिने दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली होती. म्हणजे तिलाही भीती वाटत होती. आपण चुकलो तर, ही भीती तिने गिरगावपासून दादरपर्यंत गिरण्यांच्या गप्पांखाली झाकून आणली होती. मी स्टुलावरून उतरले आणि तिला मिठीच मारली. माझ्या अंगाला चंदन लागलं होतं, ते तिच्या पातळाला लागलं.

पहिली हसली ती वहिनी. "खिळे कुणी मारले होते हो?" तिने दादाला विचारलं.

दादा खुर्चीवर बसून नाण्याकडे बघत होता. "सरकारने छापलंय गं," तो म्हणाला, पण आता ते तक्रारीसारखं होतं, जणू सरकारने त्याला आधी सांगायला हवं होतं. चादरीतून फोटो काढताना, उन्हाळ्याच्या दिवसांत, घामाघूम होऊन, त्यानेच डावं-उजवं केलं होतं. नंतर मंजुरीच्या कागदावर सहीही त्याचीच. माझ्या भावाच्या उभ्या आयुष्यातली ही पहिली चूक, आणि ती देशभर गेली होती, चांदीत.

"आता कळवायला हवं," तो म्हणाला. "उद्याच लिहितो. चेहरा चुकीचा आहे म्हणून."

"चुकीचा कसा?" आत्या म्हणाली. वहिनीने दिलेला चहाचा कप तिने खाली ठेवला. "बस इथे. तुला सांगते. थोरल्यांनी पंप काढला, बरोबर. पण दांडा कोण मारायचं? ते प्रयोग करायचे आणि आजोबा दांडा मारायचे. पाणी नाही चढलं, पुन्हा मार. पुन्हा नाही, पुन्हा मार. थोरले कचेरी सोडून बसले, तेव्हा दोन्ही बिऱ्हाडं आजोबांच्या पगारावर चालली. मी लहान होते तेव्हासुद्धा त्यांचे तळहात खरखरीत होते. जेवण झालं की माझं तोंड पुसायचे, ते टोचायचं. मी ओरडायचे. ते म्हणायचे, थोरल्यांना सांग, त्यांचा दांडा आहे तो." ती थांबली. "त्यांच्याबद्दल या घरात कुणी दुसरं वाक्य बोललं नाही रे. मी पण नाही. थोरल्यांचीच गोष्ट जास्त मजेची होती ना. आता थोरल्यांना नाव मिळालं, आजोबांना तोंड. दोघं भाऊच. बरोबर वाटणी झाली."

वाटण्यांवरून आमच्याच चुलत घरांत कोर्टकचेऱ्या झालेल्या आहेत. अशी वाटणी मी पहिल्यांदा ऐकत होते. दादाने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग बॅगेतून ते माहितीपत्रक बाहेर काढलं आणि फाडायला दोन्ही हातांत धरलं.

"फाडू नकोस," आत्या म्हणाली. "कागद चांगला जाड आहे. कपाटात अंथरायला होईल."

ते आज तिच्या कपाटात डाळीच्या डब्यांखाली आहे, आंब्याची झाडं वर करून.

फोटोंची अदलाबदल आम्ही केली नाही. थोरले उजवीकडे, धाकटे डावीकडे, तसेच राहिले. फक्त आता हार एकेकच असतो आणि छोटा असतो, हात दिसावेत एवढा. दादाने सरकारला पत्र मात्र लिहिलंच. वाटणी त्याला मान्य होती, पण न कळवणं त्याच्या रक्तात नाही. अजून उत्तर आलेलं नाही. नाणं त्याने आत्याला दिलं. ती ते टेलिफोनशेजारी ठेवते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, आणि सगळी गोष्ट सांगते. आता तिच्या गोष्टीत धाकट्यांना खूपच वाक्यं आहेत, आणि थोरल्यांना एक: "आणि थोरल्यांनी पंप काढला." मावशी सांगतात, त्यांना पाठ झालीय.

आत्याचं म्हणणं एकदा खरं निघालं म्हणून तिचं वय कमी झालं नाही, हे आम्हाला तिघांनाही समजत होतं. गॅसच्या जागी विजेची शेगडी आली. मावशी आता रात्रीच्याही तिथेच राहतात. त्यांनाही ते बरं पडलं, कारण घरी सुना दोन आणि खोली एक. मी बुधवारी जाते. दादा, जो पूर्वी महिन्यातून एकदा औषधांची चौकशी करायला जायचा, तो आठवड्यातून दोनदा जुने फोटो घेऊन जातो आणि भिंग तिच्या हातात देऊन विचारतो, "हे कोण, सांग." काही तिला ओळखू येतात. काही येत नाहीत. जे येत नाहीत, ते तो मुकाट्याने पिशवीत परत ठेवतो.

दसऱ्याला, ज्या दिवशी ती कर्जतला जायची होती, त्या दिवशी आम्ही सगळे तिच्याकडे सोनं द्यायला गेलो. श्रीखंड झालं, पुऱ्या झाल्या. आत्याने नवं पातळ नेसलं होतं, दारावर झेंडूचं तोरण, शेजारच्या ख्रिश्चन बाई केक घेऊन डोकावून गेल्या. आत्या खुशीत होती आणि, खरं सांगते, मीही इतकी सुखात कित्येक दिवसांत नव्हते. निघताना आम्ही वाकून नमस्कार केला. आत्याने आपट्याचं एक पान दादाच्या हातात ठेवलं, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "भाऊ, सांभाळून जा रे. पोचलास की फोन कर."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. दादा आता दुरुस्ती करणार, ती म्हणणार तेच म्हणतेय मी, आणि सणाच्या दिवशी तिच्या लक्षात येणार, की आपलं पुन्हा चुकलं.

दादाने ते पान खिशात ठेवलं.

"हो ताई," तो म्हणाला. "पोचलो की करतो."

आणि दादरला पोचल्यावर, चपला काढायच्याही आधी, त्याने फोन केला.